वर्षाचं सलाईन

आत्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब असतो, गॅसची टाकी कधी लावली ते असतं. गेल्या वर्षी त्यातल्या एका चौकटीत लाल पेनानं एकच शब्द लिहिलेला होता : सलाईन. त्या तारखेला दहा दिवस उरले असताना नाना, म्हणजे माझे वडील, पाणी प्यायला आत गेले आणि तांब्या हातात घेऊनच बाहेर आले.

"अक्का, हे काय परत?"

"परत काय? वर्षाचं असतं ते. वर्ष झालं."

"आधीच्या वेळी काय झालं ते विसरलीस?"

"मी कशाला विसरू? घाबरला होतास तू. मी आपली तापात पडून होते."

आत्या तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची, सासर कुरकुंभचंच. एमआयडीसी आली तेव्हा नाना बहिणीच्या आधारानं इथे आले आणि औषधाच्या एका कंपनीत लागले. २८ वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्यात, काढली. सिप्ला, एमक्युअर अशा बड्या नावांचे कारखाने असलेलं हे गाव, पण औषध कसं बनतं हे माहीत असलेल्या माणसाला ते पोटात गेल्यावर काय करतं हे माहीत असतंच असं नाही. नानांनी आयुष्यभर पावडर ड्रममध्ये पाहिली, माणसात नाही. घरात कुठलंही औषध आलं की ते आधी एक्स्पायरी वाचतात, मग बॅच नंबर, आणि नाव सगळ्यात शेवटी. अशा माणसानं औषधाची बाजू घ्यावी आणि सातवी शिकलेल्या बहिणीनं घाबरावं, असं कुणालाही वाटेल. आमच्या घरात उलटं आहे.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी आत्या गोठ्यात घसरली. उभ्या उभ्या बसकण, एवढंच. पण हात टेकला आणि मनगट मोडलं. पुण्यात हाडांची घनता मोजली, टी-स्कोअर आला उणे ३.१. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आधी आठवड्याची गोळी दिली, अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास ना आडवं व्हायचं ना काही खायचं. आत्या पहाटे पाचला उठते आणि चुलीशी पोचायच्या आत तिला चहा लागतो. दोन महिन्यांत छातीत जळजळ सुरू झाली आणि गोळी सुटली. मग डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा सलाईन घ्या. औषधाचं नाव झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, मात्रा ५ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटरच्या बाटलीतून.

पहिली बाटली लागली त्याच रात्री थंडी वाजून ताप आला, १०२. अंग असं दुखत होतं की कूस बदलता येईना. आम्हाला डेंग्यू वाटला. शेजारच्या काकूंनी मीठमोहरीनं दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला. दवाखान्यानं कागदावर सही घेतली होती, पण असा ताप येऊ शकतो हे एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं. ते वाक्य सांगितलं असतं तर नानांचा निम्मा राग जन्मालाच आला नसता असं मला अजून वाटतं.

"तो ताप म्हणजे शरीरानं दिलेली नोटीस होती," नाना म्हणाले. "बाहेरचं काहीतरी आत आलंय, मला नको, असं सांगितलं त्यानं."

मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे इथे मला तोंड घालावं लागलं. या औषधानं पेशीतला एक रासायनिक रस्ता अडतो आणि अडलेला माल साचतो. रक्तातल्या काही पहारेकरी पेशी त्या साचलेल्या मालाला जंतूंची खूण समजून बोंब ठोकतात. ताप येतो तो त्या बोंबेचा. जंतू कुठेच नसतात. २००७ साली या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, साडेसात हजारांवर बायका होत्या, तीन वर्षं चालली. पहिल्या बाटलीनंतर ताप-अंगदुखीसारखा त्रास शंभरात सुमारे बत्तीस जणींना झाला. दुसऱ्या बाटलीला तो सातांवर आला, तिसरीला तिघींवर.

"म्हणजे औंदा मला होणार नाही," आत्या म्हणाली.

"होणार नाही असं नाही. कमी बायकांना होतो."

"तेच ते."

"तेच ते नाही अक्का!" नानांचा आवाज चढला. "गोळी आणि बाटली यातला फरक समजून घे. गोळीनं त्रास झाला तर उद्यापासून बंद. हे एकदा शिरेतून आत गेलं की काढता येत नाही. पाच मिलिग्रॅम म्हणजे किती? मोहरीचे एक-दोन दाणे. एवढंसं औषध वर्षभर माणसाला पुरतं म्हणजे ते काय ताकदीचं असेल?"

नानांचं हे मला पटलं होतं, आजही पटतं. आठवड्याची गोळी वर्षभर घेतली तर साडेतीन ग्रॅमच्या वर औषध गिळलं जातं, पण त्यातला शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही. बाटलीतलं सगळंच्या सगळं रक्तात जातं. पहिल्या दिवसभरात सुमारे चाळीस टक्के लघवीवाटे निघून जातं, उरलेलं हाडाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

"चिकटावं म्हणूनच घेतेय ना?" आत्या म्हणाली. "चिकटून करतं काय ते सांग की पोरी."

मी सांगितलं. हाड ही भिंत नव्हे, ते सारखं कुरतडलं जातं आणि सारखं भरलं जातं. पाळी गेल्यावर कुरतडणाऱ्या पेशींचा जोर वाढतो, भरणाऱ्या मागे पडतात. औषध हाडात बसून राहतं. कुरतडणारी पेशी हाड खायला आली की हाडाबरोबर औषधही तिच्या पोटात जातं आणि ती निकामी होते.

"म्हणजे कणगीत उंदराचं औषध ठेवल्यासारखं."

बारावीच्या पुस्तकात यापेक्षा चांगलं समजावलेलं मी पाहिलेलं नाही.

नाना मात्र सोडायला तयार नव्हते. "आणि उंदीर सगळेच मेले तर? जुनं हाड निघायलाच हवं ना? जबड्याचं हाड उघडं पडतं, भरून येत नाही. मांडीचं हाड नुसतं चालता चालता मोडतं. हे मी मनानं नाही सांगत, माहितीपत्रकात छापलंय." त्यांनी ते पत्रक दौंडच्या मेडिकलमधून आणलं होतं, घडी उलगडली की टॉवेलएवढं होतं, आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जबड्याचा त्रास पहिल्यांदा २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला, तो मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांत. तिथे हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेनं दर तीन-चार आठवड्यांनी देतात. वर्षाला तेरा ते सतरा बाटल्या कुठे आणि एक कुठे! ठिसूळ हाडांसाठी वर्षाला एक घेणाऱ्यांत हा त्रास फार क्वचित होतो, दहा हजारांत वर्षाला एखादा किंवा त्याहूनही कमी. पण हा हिशोब धडक्या दातांच्या बाईचा आहे. आत्या चाळीस वर्षं मिश्री लावते. डाव्या बाजूची खालची दाढ किडून अर्धी झालेली, ती कधीतरी काढावी लागणार हे तिलाही माहीत. औषध हाडात बसल्यावर दाढ काढण्यापेक्षा आधी काढून जखम भरू देणं बरं. आधीच्या वर्षी हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

मांडीच्या हाडाचं गणित निराळं. ते वर्षांवर जातं. औषध जितकी जास्त वर्षं चालेल तितका धोका वाढतो, आणि आशियाई वंशाच्या बायकांत तो गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसलेला आहे. मोडण्याआधी बऱ्याचदा मांडीत किंवा जांघेत कित्येक आठवडे ठसठस लागते. म्हणून साधारण तीन बाटल्यांनंतर थांबून पुन्हा मोजमाप घेतात, धोका फारच असेल तर सहापर्यंत नेतात. थांबलं तरी हाडातलं औषध काही काळ काम करत राहतं. सहा महिन्यांनी कातडीखाली टोचायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, त्याला ही सवलत नाही. ते मध्येच सोडलं तर मणके पटापट दबल्याच्या नोंदी आहेत.

"मांडी दुखली तर सांगेन," आत्या म्हणाली. "आता माझं ऐक. आईचा खुबा मोडला तेव्हा तू कुठे होतास?"

नाना गप्प.

"सेकंड शिफ्टला होतास. दोष देत नाही, पोटाचा प्रश्न होता. पण आठ महिने ती पडवीत बाजेवर होती आणि तिचं हगणं-मुतणं मी काढलं. पाठीला जखमा झाल्या, त्या मी धुतल्या. शेवटी शेवटी ती मला ओळखायची नाही, पण कूस बदलताना ओरडायची. तुझी ती मांडी, तो जबडा, लाखात की हजारात एक, ते मी पाहिलेलं नाही. खुबा मी पाहिलाय."

मी आकडे काढले, आणि ते काढून मीच अडचणीत आले. त्याच २००७ च्या चाचणीत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी घटलं, मणका दबण्याचं ७० टक्क्यांनी. ऐकायला जोरदार. पण नानांनी लगेच विचारलं, कशाच्या ४१ टक्के? क्यूसीचा माणूस. तीन वर्षांत औषध न घेतलेल्या शंभर बायकांत अडीच जणींचा खुबा मोडला, घेतलेल्यांत १.४. मणक्यांचा फरक मोठा होता, शंभरात जवळपास अकरा विरुद्ध तीन.

"म्हणजे खुब्यासाठी शंभर जणींनी तीन वर्षं बाटल्या घ्यायच्या, तेव्हा एक वाचणार!"

"आपल्या घरात एक झाली ना?" आत्या म्हणाली. "मग शंभरातल्या नव्याण्णव गेल्या कुठे ते मी कशाला मोजू?"

तर्कशास्त्राच्या पेपरात या उत्तराला शून्य मिळेल. तरीही नानांकडे त्यावर बोलायला काही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शिवाय ज्याचं हाड आधीच एकदा मोडलंय त्याचा धोका साध्या बाईपेक्षा जास्त असतो, आणि आत्याचं मनगट मोडलेलं होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर माणसांपैकी निम्म्यांना हे औषध दिलं. न घेतलेल्या शंभरांतले तेरा वारले, घेतलेल्यांतले दहा.

मग नानांनी मोर्चा वळवला. "बरं, घ्यायचंच तर वर्षानंच का? वर्ष हा आकडा कुणी काढला?"

हा प्रश्न मला आवडला. चाचणी वर्षाच्या अंतरानं झाली, म्हणून परवाना वर्षाचा मिळाला. न्यूझीलंडमध्ये पुढे दोन हजार वयस्क बायकांपैकी निम्म्या जणींना दीड वर्षाच्या अंतरानं हेच औषध दिलं, सहा वर्षांत चार बाटल्या. त्यांची हाडं आत्याइतकी झिजलेली नव्हती, तरी मोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. २०२५ मध्ये तिथल्याच लोकांनी आणखी एक काम छापलं : पन्नास ते साठ वयाच्या बायका, दहा वर्षांत फक्त दोन बाटल्या, पाच वर्षांच्या अंतरानं. मणके दबण्याचं प्रमाण शंभरात अकरावरून सहावर आलं.

"बघ!" नाना म्हणाले.

"काय बघ? त्या पन्नाशीच्या. माझी हाडं उणे तीन." आकडा तिला पाठ होता. "डॉक्टर म्हणाले तीन वर्षं ओळीनं, मग थांबू. तीन म्हणजे तीन. पावसाळा लांबला म्हणून काय पेरणी दिवाळीत करतोस?"

इथे मी आत्याच्या बाजूची. अंतर वाढवता येतं, पण ते कुणाच्या हाडांसाठी हे बघून डॉक्टरांनी वाढवायचं. भावानं ओट्यावर बसून नव्हे.

एव्हाना दुपार टळली होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरून टँकरांचा आवाज येत होता. आत्या चहा ठेवायला उठली, आणि नानांनी तिची फाइल मागितली. हे त्यांनी आधी करायला हवं होतं. तासभर तिघं भांडत होतो, आणि ज्या एका आकड्यावर बाटली लावायची की नाही ते ठरतं, तो फाइलमध्ये पडून होता.

औषध लघवीवाटे जातं म्हणजे मूत्रपिंडातून जातं. मूत्रपिंड दर मिनिटाला जे रक्त गाळून काढतं ते ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देऊ नये, असं पत्रकात स्पष्ट आहे. नानांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आत्याच्या आठवड्यापूर्वीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन होतं १.१, आणि पुढे छापलेल्या मर्यादेत ते बसत होतं. म्हणजे नॉर्मल. कुणीही पान उलटून पुढे गेलं असतं.

"हे नॉर्मल कुणासाठी?" नाना म्हणाले. "सत्तर किलोच्या गड्यासाठी, की हिच्यासाठी?"

मी त्यांना १९७६ चं ते जुनं सूत्र सांगितलं, डॉक्टर आजही वापरतात : १४० मधून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागायचं, आणि बाई असेल तर ०.८५ नं गुणायचं. नानांनी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं केलं. आत्याला धान्याच्या काट्यावर उभं केलं, ४८ किलो. १४० वजा ७३, सदुसष्ट. गुणिले ४८, तीन हजार दोनशे सोळा. भागिले ७९.२. गुणिले ०.८५. पेन थांबलं.

"चौतीस पूर्णांक पाच."

त्यांनी पुन्हा केलं. तेच आलं. आदल्या वर्षीचा रिपोर्ट काढला : वजन ५०, क्रिएटिनिन ०.९, उत्तर साडेचव्वेचाळीस. वर्षात दहा उतरलं होतं.

"अक्का, गोळ्या कुठल्या घेतेस?"

कुठल्याच नाही म्हणाली. मग म्हणाली, गुडघ्याची एक, तीही रोज नाही. आतून पाकीट आणलं. डायक्लोफेनॅक. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, ती सकाळ-संध्याकाळ एक अशी दोन महिने चालू होती. रात्री उठावं लागतं म्हणून पाणीही कमी केलेलं. दुखण्याच्या अशा गोळ्यांचा मार मूत्रपिंडावर बसतो. त्यात पाणी कमी, आणि वर हे सलाईन.

या वेळी नाना ओरडले नाहीत. "आधीच्या वेळी मी घड्याळ लावून बसलो होतो," एवढंच म्हणाले. "बाटली अकरा मिनिटांत संपवली होती. पंधरा मिनिटांच्या आत द्यायचं नसतं, मूत्रपिंडावर ताण येतो. पत्रक तेव्हा वाचलेलं असतं तर बोललो असतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उत्तर पाहिलं, स्वतः मोबाइलवर करून पाहिलं आणि तारीख पुढे ढकलली. गुडघ्याची गोळी बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. पाणी मोजून. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासलं. ड फारच कमी निघालं, ते आधी भरून काढायचं ठरलं, कारण ते कमी असताना ही बाटली दिली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. दाढ काढली. घरात दोन गाई असून सगळं दूध डेअरीला जात होतं, त्यातलं अर्धा लिटर आता घरी राहतं. मिश्री सुटली नाही. चारदाची दोनदा झाली, असं ती म्हणते.

आत्याला हा उशीर खपत नव्हता. "नानाच्या मनासारखं झालं," ती मला दोनदा म्हणाली. पण नानांचं 'नको' हरलं होतं आणि तिचं 'दहा दिवसांनी'ही टिकलं नव्हतं. दोन महिन्यांनी जखम भरली, ड वर आलं, क्रिएटिनिन पुन्हा ०.९. सूत्रात घातलं, ४२. मग बाटली लागली. नाना शेजारी स्टुलावर, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. बत्तीस मिनिटं लागली. आधी दोन ग्लास पाणी, बाटली संपल्यावर पॅरासिटामॉल, पुढचे दोन दिवसही ठरल्या वेळी. त्या रात्री ताप ९९.८. सकाळी पाचला चुलीशी चहा.

घरी आल्यावर नानांनी कॅलेंडरवरचा जुना लाल शब्द खोडला आणि त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं : झोलेड्रोनिक ५ मिग्रॅ, दुसरी, ३२ मि., क्रि. ०.९, वजन ४८. खाली बॅच नंबर आणि एक्स्पायरी. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं आणि जुनं रद्दीत गेलं. ती चौकट असलेलं पान आणि उलट्या बाजूला आकडेमोड असलेलं पान, दोन्ही आत्याच्या फाइलला टाचलेली आहेत. तिसरी बाटली या वर्षी आहे.